चंदनच्या वाडीत चाळीस पाहुणे

महाडच्या कॉलेजात आल्यावर पहिलं दीड वर्ष चंदन दिवसाकाठी चार-पाच वाक्यांच्या वर बोलला नसेल. त्यातलं एक हजेरीचं, एक खाणावळीतल्या मावशींना भात पुरे म्हणून सांगण्याचं, आणि उरलेली झेरॉक्सच्या दुकानात, पानं पाठपोट हवीत की एका बाजूला, एवढ्यापुरती.

तो मुळातच घुमा आहे असं कुणी त्याच्या गावी, कुडपणात जाऊन सांगितलं असतं, तर वाडीतली माणसं पोट धरून हसली असती. पोलादपूरच्या डोंगरावर, पार पठारावर त्यांची वाडी. पंधरा-सोळा उंबरे आणि त्याच्या दुप्पट म्हशी. तिथे चंदन सकाळी डोळे उघडायचा तो बोलतच. गोठ्यात बोलायचा, पाण्याला जाताना बोलायचा, जेवताना तर आईला घास भरवून त्याला गप्प करावं लागे. त्याचा आजा नाथू म्हणायचा की ह्या पोराच्या बडबडीने म्हशी दूध चोरतात. वडील मुंबईला एका गोदामात कामाला, वर्षातून गणपतीला आणि शिमग्याला येणारे. त्यामुळे घरात माणसं तीनच, आजा, आई मीना आणि चंदन. पण आवाज दहा माणसांचा.

बारावीला विज्ञान घेऊन चांगले मार्क पडले, म्हणून बी.एस्सी.ला महाड. वाडीतून कॉलेजला जाणारा तो पहिलाच. वरून रोज येऊन-जाऊन करणं शक्य नव्हतं. एसटी पोलादपूरला उतरवायची ते उन्हं वर आल्यावर, आणि पुढची गाडी धरून महाडला पोचेपर्यंत दोन तास बुडालेले असायचे. तेव्हा गावातल्याच एका ओळखीने खोली मिळाली. खोलीत आणखी दोघे होते. दोघेही एमआयडीसीत, रात्रपाळीला. चंदन उठायचा तेव्हा ते येऊन आडवे होत, तो परत यायचा तेव्हा ते डबा घेऊन निघत. सहा महिन्यांत चंदनची त्यांच्या चपलांशी जेवढी ओळख झाली तेवढी त्यांच्याशी झाली नाही.

आणि वर्गातलं ते हसणं. पहिल्याच महिन्यात सरांनी काहीतरी विचारलं आणि चंदनने वाडीतल्यासारखाच हात वर केला. उभा राहून म्हणाला, "सर, उत्तर हाय माज्याकडं, पन पुरं नाय." मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. मान न वळवताही त्याला कळलं की तो साहिल होता. साहिल म्हणजे महाडचाच, बाजारपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानदाराचा मुलगा, कॉलेजच्या प्रत्येक कार्यक्रमात माईक हातात असलेला. सरांनी उत्तराचा धागा पुढे नेला. गोष्ट तिथेच संपली. चंदनच्या मनात मात्र ती संपली नाही. त्या दिवसापासून तोंड उघडण्याआधी तो प्रत्येक वाक्य मनात घासूनपुसून घेऊ लागला, 'हाय'चं 'आहे' करू लागला, आणि वाक्य तयार होईपर्यंत बोलण्याची वेळ निघून जायची.

कुडपणला मोबाईलला रेंज नाही. वाडीच्या वरच्या अंगाला एक टेप, म्हणजे उंचवटा आहे, तिथे एका ठरावीक दगडावर उभं राहिलं की दोन काड्या मिळतात. दर रविवारी आई चढून तिथे यायची आणि फोन लावायची. सगळं बरं हाय ना, असं विचारायची. तो म्हणायचा, बरं हाय. वाऱ्याच्या आवाजात बाकीचं आपोआप झाकलं जायचं.

बरं काही नव्हतं. पहिल्या वर्षाला गणितात केटी लागली, विषय राहिला. दुसऱ्या वर्षी जेवण कमी झालं, मग झोप कमी झाली, मग सकाळी अंथरुणातून उठायचं कशाला हेच त्याला कळेनासं झालं. अंगात ताप नाही, कुठे दुखत नाही. डॉक्टरला सांगायचं तरी काय? चालताना त्याला वाटायचं की आपण दिसतच नाही. एकदा त्याने मुद्दाम सलग चार दिवस दांडी मारून पाहिली. पाचव्या दिवशी गेला तर कुणीही विचारलं नाही. मग त्याने ठरवलं. चुलतभाऊ राजेश मुंबईत कुरिअरच्या कामावर होता, त्याला मेसेज केला की जानेवारीत येतो, माझ्यासाठी बघून ठेव. घरी अजून सांगायचं होतं.

राहता राहिलं एन.एस.एस. दहा मार्क मिळतात म्हणून पहिल्या वर्षी त्याने नाव घातलं होतं. डिसेंबरात सात दिवसांचं शिबिर असतं, तिथे जायचंच नाही असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. एका दुपारी शिबिराच्या प्रमुख आम्रपाली मॅडमनी त्याला स्टाफरूमबाहेर गाठलं. हातात त्याचाच फॉर्म.

"कुडपण म्हणजे तुझंच गाव ना? यंदाचं शिबिर तिथे आहे. चाळीस मुलं. झोपायला शाळा मिळेल का, पाणी कुठून आणायचं, ओढ्यावर बंधारा कुठे घालायचा, हे मला कोण सांगणार?"

चंदनने नाही म्हणण्यासाठी वाक्य जुळवायला घेतलं. ते जुळायच्या आत मॅडम म्हणाल्या की परवापर्यंत सांग, आणि तासाला निघून गेल्या.

रविवारी फोनवर त्याने आईला हे सांगितलं ते तक्रार म्हणून. पण टेपावरून मीनाबाईंनी खाली वाडीत जी हाक मारली, ती त्याला महाडला फोनमधून ऐकू आली. चाळीस माणसं येणार! पुढच्या रविवारपर्यंत शाळेच्या खोल्या शेणाने सारवून झाल्या होत्या, कुणाकडून किती घोंगड्या, कुणाकडून किती हंडे याचं ठरलं होतं, आणि आजाने ओढ्यावरची जागाही नक्की केली होती. आता शिबिराला न जाण्याची सोयच उरली नाही. हे सात दिवस काढायचे आणि मग मुंबई, असं मनाशी म्हणत तो एसटीत बसला.

घाट चढताना गाडीत गाण्यांच्या भेंड्या चालल्या होत्या. चंदन खिडकीला डोकं टेकून बसला होता. त्याला एकच घोर होता. आता ह्या सगळ्यांना आपलं घर दिसणार, गोठा दिसणार, आजाची लंगोटी दिसणार. घराच्या पडवीतच म्हशी बांधलेल्या दिसणार.

गाडी थांबली, आणि पहिली उतरली ती नाते गावची सेजल. गणितात वर्गात पहिली येणारी, बोलायला फटकळ. उतरली ती थेट म्हशीसमोर. म्हैस तिच्याकडे बघत राहिली, ती म्हशीकडे. मग तिने मागे वळून विचारलं, "ही मारते का रे?" कुणाला विचारलं ते कळेना. आसपास उत्तर माहीत असलेला माणूस एकच होता. चंदन म्हणाला, "नाय." सेजलने लगेच म्हशीच्या कपाळावर हात ठेवला. एवढंच झालं. पण चंदनच्या लक्षात आलं की ते 'नाय' त्याने घासून घेतलं नव्हतं, आणि कुणाचं तिकडे लक्षही गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोणी मातीने भरून ओढ्यात आडव्या रचायच्या आणि पाणी अडवायचं. दिसायला सोपं काम. साहिल अर्थातच पुढारी झाला. मुलांनी हिरिरीने गोणी तोंडापर्यंत गच्च भरल्या, एकावर एक चढवल्या, फोटो काढले. दुपारी जेवून परत आले तर बंधाऱ्याच्या फटीफटीतून पाणी खळखळ वाहत होतं, आणि बघता बघता मधल्या चार गोणी घरंगळून खाली गेल्या. काठावरच्या खडकावर नाथू आजा बिडी ओढत बसला होता. तो नातवाकडे बघून खो खो हसला.

ते हसणं चंदनला झोंबलं. त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरला.

"अरे असं नाय!" तो ओरडलाच. "गोणी गच्च कशाला भरतंव? गच्च भरलेली गोणी दुसरीला बसत नाय. तीन भाग भरा, एक भाग मोकळी ठेवा, नि मंग पायाने चेपा तिला. मधी चिकणमाती घाला. कुणी शिकवलान तुमाला ह्ये?"

सगळे थांबले. चाळीस जणांसमोर आपण काय बोललो आणि कसं बोललो हे चंदनच्या ध्यानात आलं, आणि थंडीतही त्याच्या कानशिलांना घाम फुटला. साहिल पाण्यातून त्याच्याजवळ आला. आता हा हसणार, असं चंदनला वाटलं.

साहिल म्हणाला, "परत सांग. चेपायचं म्हणजे कसं, दाखव ना."

चंदनने दाखवलं. संध्याकाळपर्यंत तो ओढ्यातच होता. ही गोणी इकडे, ती उलटी, तोंड वरच्या अंगाला, माती कमी, माती जास्त. चाळीस पोरं त्याच्या आवाजावर हलत होती. उन्हं कलली तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत चढून बंधाऱ्यामागे निवांत उभं राहिलं. त्या दिवशी चंदन चार भाकऱ्या जेवला. नाचणीच्या, कुळथाच्या पिठीबरोबर. मीनाबाईंनी पाचवी वाढली तेव्हा कळलं की घसा बसलाय, नको म्हणायलाही आवाज उरला नाही.

चौथ्या दिवशी आजाची एक म्हैस रानातून परतली नव्हती. सकाळी चंदन शोधायला निघाला तर साहिल मागे लागला. मला पण यायचंय. वाटेत तो दोनदा घसरला, एकदा करवंदीच्या जाळीत बसला, तरी ऐकेना. चढ संपल्यावर दम खायला दोघे टेकले. खाली सगळी दरी धुक्याने भरलेली होती. साहिल बाहीत रुतलेले करवंदीचे काटे एकेक करून काढत राहिला.

मग साहिल बोलू लागला. त्याला दोन विषयांत केटी होती, घरी माहीत नव्हतं. वडिलांना वाटत होतं की पोरगा पहिल्या वर्गात पास होतोय. दिवसभर तो सगळ्यांना हसवत फिरायचा, आणि दुकानाच्या माळ्यावरच्या आपल्या खोलीत गेला की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. फोनमध्ये सातशे नंबर होते, पण ही गोष्ट सांगायला त्यातला एकही सुचत नव्हता.

"तुला का सांगतोय माहीत नाही," तो म्हणाला. "तू तर आमच्याशी बोलतही नाहीस. मला वाटायचं, ह्याला आम्ही आवडत नाही. हुशार आहे, आपल्या तोऱ्यात असतो."

चंदनला ते खरंच वाटेना. तोऱ्यात? त्याने मग त्या पहिल्या महिन्यातल्या हसण्याचा विषय काढला. कोणतं हसणं, साहिलने विचारलं. चंदनने तारखेसकट सांगितलं. साहिलने आठवून पाहिलं, डोकं खाजवलं, पण त्याला काही म्हणजे काही आठवेना. "हसलो असेन," तो शरमून म्हणाला. "मी कशालाही हसतो रे. पण तुला ते दीड वर्ष पुरलं?"

दीड वर्ष पुरलं होतं. ते मोठ्याने ऐकल्यावर मात्र चंदनला एकदम हसू फुटलं, आणि ते आवरेना. साहिललाही फुटलं. त्यांच्या हसण्याने पलीकडच्या झुडपात काहीतरी धडपडलं, आणि हरवलेली म्हैस, काय गोंधळ आहे हे बघायला आल्यासारखी, शांतपणे बाहेर आली. तिला खाली आणताना दोर साहिलने धरला होता, पण कोण कुणाला आणत होतं ते सांगणं कठीण. वाडीतल्या बायांनी ती वरात पाहिली आणि पुढचे तीन दिवस त्याला 'म्हशीवाला पाहुणा' हेच नाव पडलं.

शिबिर संपलं. निघताना सेजलने मीनाबाईंना मिठी मारली, आजाने सगळ्यांना नीट जा रे म्हणून सांगितलं, आणि गाडी घाट उतरली.

इथे सगळं छान झालं असं म्हणून थांबता आलं असतं, पण तसं झालं नाही. महाडला परतल्यावर सेमिस्टर परीक्षा तोंडावर आली, जो तो आपापल्या अभ्यासाला लागला. आठवडाभरात चंदन पुन्हा त्या खोलीत एकटा, पुन्हा त्या चपला आणि पुन्हा नकोशी सकाळ. त्याला वाटलं, ते सात दिवस डोंगरावरचे होते, इथे खाली ते टिकायचे नाहीत. राजेशचा मेसेज आला होता, काम तयार आहे, कधी येतोस? दोन दिवस तो कॉलेजात गेला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. बाहेर साहिल आणि सेजल. सेजलच्या हातात डबा, साहिलच्या हातात काहीच नाही. खोली शोधायला त्यांना तास लागला होता, कारण चंदनने पत्ता कुणालाच कधी दिला नव्हता. सेजल आत आली, झोपलेल्या दोघांना बघून दचकली, आणि कुजबुजत म्हणाली, "दोन दिवस आला नाहीस. काय झालं?"

दांडी मारली तर कुणी विचारत नाही, हे चंदनने एकदा सिद्ध करून पाहिलं होतं. आता विचारणारं माणूस समोर उभं होतं. त्याने घासूनपुसून न घेता जसं होतं तसं सांगितलं. झोप लागत नाय, उठवत नाय, मुंबईला जायाचा विचार हाय. दोघांनी उपदेश केला नाही. सेजलने डबा उघडला. साहिल म्हणाला, दर बुधवारी कॉलेजात समुपदेशक बाई येतात, आपण जाऊ. चंदन म्हणाला, तिथे वेडे जातात.

"मी दोनदा जाऊन आलो," साहिल म्हणाला. "मी वेडा दिसतो?"

"दिसतंस," चंदन म्हणाला. झोपलेल्यांपैकी एक जण चादरीतून हसला. खोलीतली माणसं अशी ओळखीची झाली.

बुधवारी साहिल त्याला घेऊन गेला आणि बाहेरच्या बाकावर तासभर बसून राहिला. बाईंनी फारसं काही वेगळं सांगितलं नाही. झोपेची वेळ, जेवणाची वेळ, रोज थोडं चालणं, आणि दिवसातून निदान एकदा कुणाबरोबर तरी जेवणं. शेवटचं औषध सगळ्यात सोपं निघालं. लायब्ररीमागच्या पायऱ्यांवर तिघे डबा खाऊ लागले. महिन्याभरात तिघांचे सात झाले. जेवण झालं की सेजल पायरीवर खडूने गणितं मांडायची आणि कुणाचं कुठे अडतंय ते बरोबर पकडायची. जमलं नाही तर ती ओरडायची, जमलं तर नुसती मान हलवायची. त्या मान हलवण्यासाठी साहिलसारखा साहिल रात्रीच्या गप्पा सोडून अभ्यास करू लागला. पुढे त्याने वडिलांनाही सांगून टाकलं. वडील दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी शिकवणी लावू का म्हणाले.

चंदनची वाईट सकाळ एकदम गेली नाही. अधूनमधून ती येतच राहिली. फरक इतकाच की तशा सकाळी तो ग्रुपवर 'आज उठवत नाय' एवढं टाकायचा, आणि अर्ध्या तासात कुणीतरी खोलीवर यायचं. राजेशला त्याने कळवलं की सुट्टीत येतो, मुंबई बघायला.

केटी सुटली. बी.एस्सी. पहिल्या वर्गात झालं. आता तो तिथेच एम.एस्सी. करतोय, आणि जून-जुलैत, प्रवेशाच्या दिवसांत, त्याचा मुक्काम एसटी स्टँडवर असतो. पोलादपूरकडून, शिवथरच्या खोऱ्यातून येणारी नवी पोरं लगेच ओळखू येतात. फायलीची पिशवी छातीशी धरलेली असते. चंदन त्यांना खोली दाखवतो, खाणावळ दाखवतो, आणि गाव विचारून त्याच बाजूच्या कुणाशी तरी गाठ घालून देतो. गेल्या वर्षी शिवथरची समीक्षा रडवेली होऊन परतीच्या गाडीची चौकशी करत होती. त्याने तिला परतीची वेळ बरोबर सांगितली, आणि गाडीला अजून तास आहे तोवर चहा घे म्हणून सेजलच्या हवाली केलं. समीक्षा त्या गाडीने गेली नाही. यंदा ती एन.एस.एस.ची गटप्रमुख आहे.

परवाच मीनाबाई चष्मा करायला महाडला आल्या होत्या. स्टँडपासून चंदनची खोली दहा मिनिटांवर. त्यांना पोचायला पाऊण तास लागला. पाच पावलं गेली की कुणीतरी हाक मारायचं. एक मुलगी वेळापत्रक विचारायला थांबली, दोघे जण मॅचचं सांगायला. साहिलने दुकानातून ओरडून काकींना चहाला बोलावलं आणि म्हैस कशी आहे ते विचारलं. चंदन प्रत्येकाशी थांबून बोलत होता, तेही वाडीतल्याच बोलीत, आणि मीनाबाई हातातली पिशवी या हातातून त्या हातात करत बाजूला उभ्या होत्या.

शेवटी समोरून आणखी चौघे येताना दिसले, तेव्हा त्यांनी एका बंद दुकानाची पायरी पदराने झटकली आणि तिच्यावर बसल्या.

"तू बोलून घे रे बाला," त्या म्हणाल्या. "मी हितं बसतंय."